फणसाच्या फळ्या पॉलिनला

मी, इनेझ सायमन तुस्कानो, वय पंचेचाळीस, शिक्षण बी.ए., धंदा पाव भाजणे, राहणार माणिकपूर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी पिठात मीठ बरोबर पडले, याहून मोठा पुरावा माझ्याजवळ नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात. तरी मागे भांडण ठेवून जाऊ नये, असे मला वाटते.

१. घरातला माझा निम्मा हिस्सा, दुकान आणि भट्टी मी माझा धाकटा भाऊ हिलरी याला देते. पोस्टातली शिल्लक त्याच्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेवावी. पुढे तिने पावच भाजले, तरी शिक्षण वाया गेले असे तिला कोणी म्हणू नये. मला पुष्कळांनी म्हटले आहे.

२. भट्टीवरच्या फणसाच्या सर्व फळ्या, त्या भिजवायची दगडी डोणी आणि परसातले फणसाचे झाड मी हिलरीची बायको पॉलिन हिला देते. नवराबायकोत अशी वाटणी का केली, याचा खुलासा करणे भाग आहे.

आमच्याकडे पाव फळीवर भाजतात. फळी आदल्या संध्याकाळी पाण्यात बुडवायची. सकाळी निखारे ओढून भट्टी झाडायची, ओल्या फळीवर कोंडा भुरभुरून पाव मांडायचे आणि फळीसकट आत सारायचे. पाव वरून तांबूस होतो, खालून पांढरा राहतो, आणि त्याच्या पोटावर लाकडाच्या रेषा उमटतात. बाबा सांगत, "फळीला पोटभर पानी पाजल्याबिगर आग दाखवायची नाय." अर्नाळ्याचे कोळी समुद्रावर जाताना हाच पाव नेतात, कारण तो लवकर कडक होत नाही. वसईत कोणाही समोर हा पाव उलटा करून धरा, आमचे नाव सांगतील. हा गर्व आहे का, असे मी कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेले असता फादरांना विचारले. ते म्हणाले, "उद्याचा पाव धाडायला विसरू नकोस."

हिलरीला मात्र त्या पांढऱ्या तळाची लाज वाटते. स्टेशनजवळ पत्र्यावर पाव भाजणारे फ्रेडरिक रुमाव एकदा देवळाच्या पायरीवर सर्वांसमक्ष मला म्हणाले, "इनेझबाय, बी.ए. पुरी केलीस, पाव तेवढा अर्धा ठेवलास!" लोक हसले. हिलरीही हसला. त्यानंतर कित्येक महिने मी रोज प्रत्येक फळीवरचा एक पाव फोडून पाहत होते. मनात शंका शिरली होती, हे लपवत नाही. कच्चा एकही निघाला नाही.

गेल्या ईस्टरला मी तापाने पडले असताना हिलरीने पत्रे आणले आणि फळ्यांचा माळा करायचा म्हणून सुतार बोलावला. पॉलिन सरळ फळ्यांवर जाऊन बसली.

"अगं ऊठ, जुनं लाकूड ते!" हिलरी ओरडला.

"मीपण जुनीच हाय. मलापण माळ्यावर टाकनार?"

सुतार हत्यारे गोळा करून निघून गेला. त्या दिवशी पाव पत्र्यावर निघाले, आणि सकाळी पाव नेलेल्या पाचूबंदरच्या आग्नेसमावशी टोपलीसकट परत आल्या. "हिलरी, ह्यो पाव का कौल? हिरड्या सोलल्या माझ्या!" अंथरुणावरून मी हे ऐकले, आणि ताप उतरल्यासारखे वाटले.

म्हणून फळ्या पॉलिनच्या. हिलरीला पत्र्यावर भाजायचे असेल तर भट्टी त्याची आहे. मी अट घालत नाही. घालावी असे फार वाटले. लिहिली आणि खोडली. पण फळी बाद कधी करायची आणि नव्या फळीसाठी झाड कधी तोडायचे, हे पॉलिनच ठरवील.

३. माझ्या रोजनिश्या भट्टी पेटवायला वापराव्यात. त्यांत पावाची कृती नाही. बहुतेक पानांवर मी माझ्याशीच वाद घातला आहे. कागद कोरडा आहे.

४. माझी शवपेटी साध्या लाकडाची करावी. भावनेच्या भरात कोणी या फळ्यांची सुचवील, बहुधा हिलरीच. तो मनाने फार मऊ आहे. त्याला नाही म्हणावे. फळ्यांवर पाव भाजायचे आहेत.

५. एक साक्षीदार म्हणून मी मुद्दाम फ्रेडरिक रुमाव यांना बोलावले आहे. त्यांनी माझी भीड ठेवून सही केली, असे कोणी म्हणणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असे वकील सांगतात. म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. सहीआधी एक पाव मात्र खावा लागेल. ही लाच ठरते का, असेही मी वकिलांना विचारले. ते हसले आणि त्यांनी स्वतःसाठी एक मागितला.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात गर्व आहे. तो तसाच राहू द्यावा.

माणिकपूर, ता. ९ नोव्हेंबर १९५३
(सही) इनेझ सायमन तुस्कानो

साक्षीदार:

१. बाईंनी आमच्या देखत सही केली. त्यांच्या देखत मीही सही करीत आहे.
(सही) सेबॅस्टियन लोपीस, शिक्षक

२. माझ्याही देखत सही झाली. पाव उलटा करून बघितला, दाबून बघितला, मग खाल्ला. भाजलेला आहे. हे हिलरीला मोठ्याने वाचून दाखवावे.
(सही) फ्रेडरिक रुमाव, पाववाले