मोरीत न ओतलेले कृमी

मी, डॉ. प्रिस्का नालियाका खाएम्बा, वय एकाहत्तर, प्राणिशास्त्रज्ञ, राहणार किमिलिली, केनिया, हे माझ्या मिळकतीच्या व्यवस्थेचे पत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पाय नाही, पण कायद्याला पायाशी कर्तव्य नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती लिहिताना मी नको तितकी भिडस्त होते.

कलम १. राहते घर आणि केळीची बाग धाकटी बहीण अ‍ॅग्रिपिना हिला. थोरले बंधू प्रोटस यांस घरातले काहीही नाही. मी विद्यापीठात निघाले तेव्हा ते वडिलांना म्हणाले होते, किडे बघायला पोरीला शहरात कशाला धाडायचं, इथे काय कमी आहेत? तरी अंगणातले सर्व किडे त्यांना देते.

कलम २. सूक्ष्मदर्शक मुलींच्या शाळेला. शिक्षकांनी तो कपाटात कुलूप लावून ठेवल्यास अ‍ॅग्रिपिनाने जाऊन परत आणावा.

कलम ३. हिरवा थर्मास मी नोकरीला होते त्या शेती संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. जॉब मुखवाना यांस. आमच्याच मातीत सापडलेल्या सूत्रकृमींची एक जात मी बावीस वर्षे खपून वाढवली. हे कृमी रताळ्यातल्या भुंग्याच्या अळीत शिरतात आणि दोन दिवसांत तिला संपवतात. माणसाला, कोंबडीला काही करत नाहीत. त्यांना ऊन मात्र सोसत नाही, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर करायची. मुखवानांनी मंत्र्यांपुढचे प्रात्यक्षिक भर बाराला ठेवले. मी हात जोडले. ते म्हणाले, "संध्याकाळी कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही, बाई. जरा ऊन लागलं म्हणून काय मरणार आहेत?"

मेले. सगळे मेले. अहवालात कृमी कुचकामी ठरले, संचालक नव्हे. उरलेला साठा मोरीत ओतण्याचा लेखी हुकूम निघाला. त्यातली एक बाटली मी याच थर्मासात रिकामी करून बाहेर काढली. फाटकाशी साहेब हसून म्हणाले, चहासुद्धा घरी घेऊन चाललात? मी हो म्हटले. आता थर्मास धुतलेला आहे, त्यांनी खुशाल चहा प्यावा.

कलम ४. ते कृमी बारा वर्षे माझ्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये जिवंत आहेत. दर दोन महिन्यांनी त्यांना मेणकिड्याच्या ताज्या अळ्या द्याव्या लागतात, नाहीतर जात संपते. परदेशातून विचारणा होताच संस्थेने पत्र पाठवले की ही संस्थेची मालमत्ता आहे. ज्यांनी ती मोरीत ओतायला सांगितली, त्यांनी ती मोरीतच शोधावी.

कृमी, फ्रिजसकट, शेजारीण रोझा नासाम्बू हिला. पहिल्यांदा बाटली पाहून ती म्हणाली होती, "पोरांच्या पोटातले जंत पाडायला मी दवाखान्यात रांग लावते, आणि तू मुद्दाम पाळतेस?" गेल्या वर्षी पाय मोडून मी तीन महिने इस्पितळात होते. जात गेली म्हणून तिथे रडले. परत आले तर कृमी जिवंत. रोझाने मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांतून मेणकिड्याच्या अळ्या वेचून आणल्या होत्या आणि बाटल्यांवर तारखा घातल्या होत्या. मी तिला चुकीचा चमचा वापरला म्हणून झापले. शाबासकी द्यायची राहिली, ती इथे देते.

मागेल त्याला तिने कृमी द्यावेत. निवृत्तीनंतर मुखवानाही इथेच रताळी लावतात आणि ती भुंगा लागून कडू निघतात, असे ऐकते. त्यांनाही द्यावेत, पण त्यांनी दिवस मावळताना स्वतः चालत यावे.

ता. क. साक्षीला रोझालाच बोलावले होते. वकील म्हणाले, जिला काही मिळते तिची साक्ष नको. ती फुगली, इतक्या वर्षांची शेजारीण आणि माझी सही चालत नाही? मग तिला चौथे कलम वाचून दाखवले. ती उठली, फ्रिज उघडला, बाटलीवरची तारीख पाहिली.

"उद्या अळ्या द्यायच्यात," ती म्हणाली. "तुला मरायचंच असेल तर परवा मर."

सही: प्रि. ना. खाएम्बा
साक्षीदार: १) लिव्हिंगस्टन वान्याम्मा, सायकल दुरुस्ती २) सिस्टर पर्पेच्युआ नाफुला
किमिलिली, १४ मार्च २०२३