चरतीय, पर आत घरघर हाय

आबा, आज इथल्या दवाखान्यात मला एका मशीनमध्ये श्वास सोडायला लावला. मी आपलं चूल फुंकल्यासारखं जोरात फुंकलं. मशीनवाली पोरगी हसली, "भैया, आग नहीं जलानी है. धीरे, एक जैसा." चौथ्या खेपेला जमलं. आकडा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वासनळ्यांना आतून सूज हाय. मी म्हटलं, मला तर धाप नाय, दिवसभर कापसाच्या गाठी उचलतो. त्या म्हणाल्या, सूज आधी येते, धाप मागनं. मागल्या खेपेला दिलेला, तोंडानं ओढायचा रोजचा पंप घेतोस ना? "घेतो," म्हणालो. त्यांनी परत आकड्याकडं बघितलं, माझ्याकडं नाय. आता महिन्यानं पुन्हा फुंकायचं. पंप घेऊनबी सूज तेवढीच निघाली तर ती कापसाच्या धुळीनं, मग सूतगिरणीतलं कापसाचं खातं सोड, असं लिहून देणार. दुसरं काम मला येतंय कुठं?

तवापासून बूड टेकत नाय. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतोय. दुष्काळाचं दुसरं साल आठवतंय. सकाळी जाळीच्या कुंपणातून मेंढरं सोडताना तुम्ही एकेकीच्या नाकापुढं तळहात धरता, बरगडीला कान लावता. एकीला मागं ओढता. आई म्हणते, "आवो, चरतीय की चांगली." तुम्ही म्हणता, "चरतीय, पर आत घरघर हाय. राहू दे सावलीला." पुढं चिकलठाण्याकडच्या आपल्या माळावर प्लॉट पडले, पाणी आटलं, मेंढरं विकली, आन् त्याच माळावर तुम्ही सिमेंट कालवायला लागलात. तुम्हालाबी डॉक्टरनं असाच रोजचा पंप दिला होता. तुम्ही तो सणाच्या धोतरावाणी ट्रंकेत ठेवला. "बरं असताना कशाला उडवायचा? दम लागला तर लागंल." मी मागं लागलो तर खेकसलात, "मेंढरू हाय का मी, सावलीला बांधायला?" तुम्ही गेलात तवा तो ट्रंकेत तसाच भरलेला निघाला. मला रडू आलं नाय, तुमचा लई राग आला. अजून हाय.

पर आबा, मीबी बाईंना खोटं बोललो. माझ्या पंपाचं पाकीटच फोडलेलं नव्हतं. ते फोडलं की आपण आजारी माणूस ठरलो, याचंच भ्या वाटायचं. तुम्हालाबी तसंच वाटत असंल, हे इतक्या सालांत माझ्या डोक्यात आलं नाय. हे लिहिता लिहिता उठलो, पाकीट फोडलं, दोनदा ओढला. चिठ्ठी धाडायची कुठं, घडी करून ठेवतो. बाईंना जाऊन खरं सांगायची हिंमत मातर अजून झाली नाय.