मेन स्विच खाली, मशीन चालू

११ जुलै
लाईट आज आली. उपकार झाले! ह्यांना महाळुंग्याला लेकाच्या, प्रशांतच्या फ्लॅटवर नेऊन आठ दिवस झाले, आता येऊन काय करायचंय? त्या दिवशी ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, सिलिंडरवर दीड दिवस काढला, तोही संपत आला तेव्हा बबनभावजींनी पिकअप काढली. भर पावसात पिरंगुटपर्यंत ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. नुसते माझ्याकडे बघत होते.

दुपारी ह्यांचा फोन. "शालन, भात लावलं का?" म्हटलं लावलं, सगळी खाचरं झाली. "मग कापायच्या आत मला घरी ने. हितं कोंडल्यागत होतंय." म्हटलं नेते.
बोलून बसले. आता नेणं आलं.

१९ जुलै
पिरंगुटच्या दुकानात जाऊन आले. छपरावर लावायची छोटी पवनचक्की. मला पटली होती आधीच. पावसाळ्यात ऊन नसतं पण वारा असतो, आणि आपली लाईट पावसाळ्यातच जाते. दुकानदार भला निघाला, लगेच गळ्यात मारली नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या जागेवर वारा किती आणि कसा, आधी महिनाभर बघा."
बघते की. शाळेत एकतीस वर्षं हजेरी घेतली, वाऱ्याची घ्यायला काय जड आहे? बांबूला जुन्या साडीची पट्टी बांधून छपरावर उभा केला. रोज चारदा बघायचं. ऊ. म्हणजे ऊन, वा. वारा, ला. लाईट. ह. नाहीतर गै.
आज: ऊ. गै., वा. ह., ला. गै.

२ ऑगस्ट
ठकूबाई शेरडं घेऊन वरून आली. माळावर त्यांचं घर, मागच्या डोंगरावर. बांबूकडे बघत उभीच राहिली.
"बाई, लुगडं वाळत घातलंय का निशाण लावलंय?"
सांगितलं. हसून हसून बेजार. मग म्हणाली, चला माझ्याबरोबर. गुडघे दुखत असताना मला सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, चढवलं बाईनं. वर पाय ठरेना. पदर, छत्री, सगळं एका बाजूला. ती म्हणाली, "वारा ह्यो. खाली तुमच्याकडं येतो तो डोंगराला आपटून माघारी फिरल्याला. त्याला दिशाच न्हाई. आमी शेरडं बसवायची जागा बघताना पयलं हेच बघतो."
मला राग आला. तिचा नाही, माझाच. जन्म गेला इथे आणि एवढं ठाऊक नाही.

१८ ऑगस्ट
महिना झाला. ठकूबाईचं खरं. पट्टी सकाळी घराकडे, दुपारी ओढ्याकडे, मध्येच बांबूला गुंडाळून घेते. वा. हजर असतो पण एका जागी बसत नाही. पवनचक्की अशानं नुसती वाऱ्याकडे तोंड वळवत बसेल, पातं फिरणार नाही. दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं. वर सड्यावर लावायची तर जागा आपली नाही, आणि तिथून घरापर्यंत वायर कोण ओढणार.
पवनचक्की रद्द.
आता सोलर. पावसाळ्यात काय करायचं ते नंतर बघू.

५ सप्टें.
महाळुंगे. अकरावा मजला. ह्यांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी. आणि वारा काय तिथे! दार लावून घ्यावं लागतं. मी म्हटलं, माझी पवनचक्की इथे लावायला हवी होती. हे हसले, मग धाप लागली.
प्रशांत आणि सून आठला जातात, रात्री येतात. जेवण डब्यात, गोळ्या डबीत, सगळं व्यवस्थित. नावं ठेवायला जागा नाही.
प्रशांतशी मात्र वाजलं. "आई, प्रॅक्टिकल विचार कर ना. इथे जनरेटर आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तिथे लाईटचा काय भरवसा?" म्हटलं, सोलर आणि बॅटऱ्या बसवते. "किती तास चालेल मशीन?" बारा, रात्रीचे नऊ आणि दुपारचे तीन, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे. "रोज?" रोज. मग म्हणाला, "ठीक आहे. मेन स्विच खाली पाड आणि तीन दिवस मशीन चालवून दाखव. चाललं तर मी स्वतः बाबांना आणून सोडतो."
हे आमच्या दोघांकडे बघत होते. प्रशांत आत गेल्यावर म्हणाले, "करतीस ना?"
म्हटलं, अहो, करते म्हणजे करतेच.

२८ सप्टें.
पाऊस उघडला. पॅनल आले, बॅटऱ्या आल्या. पैसे माझ्या पेन्शनीतले, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. पण दिशेवरून तमाशा झाला.
फिटर म्हणाला, पॅनल दक्षिणेला तोंड करून, परसात लोखंडी स्टँडवर. बबनभावजी शेजारच्या घरातून तरातरा आले. "वहिनी, दक्षिण यमाची दिशा. घरात आजारी माणूस, आन् त्याच्या नावानं आणल्याल्या पाट्यांचं त्वांड तिकडं करणार? घराला दार पूर्वेला, देवघर पूर्वेला. पाट्या छपराच्या पूर्वेच्या पाख्यावर लावा. सूर्य तिकडनंच उगवतो न्हवं?"
फिटर माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, चौथीच्या मुलांना अंगणात काठी रोवून सावली मोजायला शिकवणारी मी, म्हणाले, "लावा पूर्वेला."
लावले. भावजी खूश. चहा पिऊन गेले.

९ ऑक्टो.
नापास.
परवा सकाळी मेन स्विच पाडला. मशीन ह्यांच्या कॉटशेजारी ठेवलं, वेळेवर चालू, वेळेवर बंद. रिकाम्या खोलीत ते फुसफुस करत राहतं आणि नळी उशीवर पडलेली. बघवत नव्हतं, पण बसले तिथेच.
काल दिवसभर लख्ख ऊन, तरी बॅटरी अर्धीही भरली नाही. आज दुपारी गाईला पाणी पाजून आत आले तर मशीन गप्प. वर लाल दिवा.
तीन दिवस म्हणाला होता प्रशांत. अडीचही झाले नाहीत. कॉटवर बसून रडले. खोटं कशाला लिहू.

१० ऑक्टो.
कारण मला ठाऊक आहे. पूर्वेच्या डोंगरावरून ऊन आपल्या छपरावर यायलाच साडेनऊ वाजतात. एक वाजला की ते पलीकडच्या पाख्यावर. आणि आता दिवाळीकडे सूर्य रोज दक्षिणेला सरकत चाललाय. हे सगळं त्या दिवशीही ठाऊक होतं.
मग पूर्वेला का लावले? भावजींचं मन मोडवेना म्हणून नव्हे. मी घाबरले. यम म्हटल्यावर पिकअपमधलं ह्यांचं तोंड डोळ्यासमोर आलं. भावजींचं नाव पुढे करून मी माझीच भीती छपरावर चढवली. हे इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१२ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं शेवटी. फोनवर. सगळं, दिशेचंही. म्हणाले, "अगं, यमाला यायचं आसंल तर तो काय पाट्या बघत येतोय? हितं तर त्याला लिफ्टबी हाय. फिरव तू बिनधास्त."
हसता हसता खोकला लागला. फोन सुनेने घेतला.
फिटरला लगेच फोन. परवा येतो म्हणाला.

१४ ऑक्टो.
फिरवले. परसात स्टँड, तोंड दक्षिणेला. भावजी फिरकले नाहीत, दार लोटून घेतलेलं. संध्याकाळी बघते तर स्टँडच्या पायाला लिंबू-मिरची बांधलेली. कधी येऊन बांधली कुणास ठाऊक. असू दे. पॅनलवर सावली पडत नाही तिची.

२२ ऑक्टो.
मेन स्विच खाली, सकाळी सात. फ्रीज बंद, टीव्ही बंद, मिक्सर कपाटात. चटणी पाट्यावर. रात्री एकच दिवा.
ऊ. ह. बॅटरी तीनच्या आत पूर्ण भरली! घरात एकटीच ओरडले. गाय दचकली.

२३ ऑक्टो.
ऊ. गै. सकाळपासून आभाळ, दुपारी पाऊस. ह्या दिवसांत! भात कापणीला आलंय आणि हा पाऊस. बॅटरी भरता भरेना.
चार वाजता मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिले. तासभर लाईटवर बॅटरी भरून घेतली तर कुणाला कळणार आहे? हात स्विचवर होता. मग वाटलं, अगं बाई, फसवणार कुणाला? आषाढात ह्यांची नळी असेल त्या मशीनला, माझी नाही.
चुलीवर भाकरी केल्या. दिवा लावला नाही.

२४ ऑक्टो.
दुपारी उघडलं. बॅटरी सावरली.

२५ ऑक्टो.
सकाळी सात. तीन दिवस झाले. मशीन एकदाही बंद पडलं नाही. बॅटरीची एक रेघ शिल्लक.
मेन स्विच वर केला तर काय, बाहेरूनच लाईट नव्हती! कधी गेली होती देव जाणे. मला पत्ताच नाही.
प्रशांतला फोन. म्हणाला, "मानलं तुला. पण आई, ऑक्टोबरचं ठीक आहे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा?"
वर्षातले नऊ-दहा महिने हे घर उन्हावर चालेल. पावसाळ्यात बॅटरी लाईटवर भरून ठेवायची आणि लाईट गेली की दीड-दोन दिवस काढायचे, एवढाच आधार. त्याच्यापुढे सिलिंडर. हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. म्हणाला, "मग जूनमध्ये परत आमच्याकडे." म्हटलं, जूनचं जूनमध्ये भांडू.

१ नोव्हें.
आले! प्रशांतने आणून सोडलं. गाडीतून उतरल्यावर हे आधी परसात गेले, स्टँडला हात लावून बघितला, लिंबू-मिरची बघितली. "बबन्या," एवढंच म्हणाले. भावजी कुंपणापलीकडून बघत होते, मग आलेच. दोघं ओट्यावर. भाताचा वास घरभर. ठकूबाई दूध देऊन गेली, म्हणाली, "लुगडं फडकवलं वाऱ्यासाठी, पर काम केलं उनानं."
प्रशांत जेवून गेला. जाताना माझ्या पाया पडला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

२ नोव्हें.
सकाळी सहाला नळी काढायची म्हणून गेले. म्हणाले, "राहू दे अजून." प्रवासाचा शीण असेल.
दहापर्यंत तशीच.

३ नोव्हें.
आज मीच काढली. सहाला. सात वाजता ओट्यावर बसवलं, समोर कापणी चाललेली. साडेसातला ओठ निळसर दिसले. धावत आत आणलं, नळी लावली. पंधरा मिनिटांनी रंग आला.
विचारलं, हे कधीपासून? तोंड फिरवलं. दोनदा विचारल्यावर बोलले. "भादव्यापास्नं. दिसभर लावतुय."
प्रशांतला माहीत आहे?
"ती दोघं आठला जात्यात. तितं दिसभर कोन आसतं बघायला? यायच्या येळेला काढून ठिवायचो."
म्हणजे बारा तास नव्हेच. अठरा, वीस. मी तीन दिवस मशीन चालवलं, पाटा-वरवंटा घासला, ते सगळं बारा तासांच्या हिशोबानं.
मी ओरडले. चांगलीच ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले. मला सांगायचं नाही? फोनवर रोज बोलत होतो आपण!
हे म्हणाले, "सांगितलं आसतं तर तू आनलं आसतंस का मला?"

दुपार झाली. फिटरला फोन लावला.

४ नोव्हें.
फिटरच्या म्हणण्याप्रमाणे वीस तासांसाठी अजून तीन पॅनल आणि एक बॅटरी. परसात जागा आहे. आठ दिवसांत बसवतो म्हणाला. डॉक्टरांना दाखवायचं ते वेगळं, ते उद्याच. पौडच्या दवाखान्यात नको, सरळ पुण्याला.
पण प्रशांतला सांगावं लागणार. तो रविवारी येणार. सांगितलं की तो गाडीत बसवूनच नेणार, आणि त्याचं चूक आहे असं कुठल्या तोंडाने म्हणू? नाही सांगितलं, आणि काही झालं, तर?

सकाळपासून लाईट नाही. मशीन चालू आहे. खाचरात भारे बांधतायत, हे खिडकीतून बघतायत, मोजतायत मोठ्याने. एवढा स्वच्छ आवाज चार महिन्यांत ऐकला नव्हता.
फोन हातात घेतला, प्रशांतचा नंबर काढला. ह्यांनी मोजणं थांबवलं.
"कुनाला लावतीस?"
म्हटलं, "तुम्ही मोजा."