मीनलने वाणात लुटलेलं हिमनदीचं पाणी

बेडोक, सिंगापूर
९ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप सुबोधमामांना सुनेत्राचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी साखर सोडली म्हणे. तुम्ही त्यांच्या वाटणीची खात नसाल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठणठणीत. माझं मनही स्वच्छ आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही.

मीनलविषयी मागे लिहिलं होतं. तुआसच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली आलेली. नमुन्याची बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची असते, हे तिला मी शिकवलं. मी इतकी वर्षं पाणी तपासते आहे (कारखान्यांचं, टाक्यांचं, एकदा एका कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाचं; त्याबद्दल न बोललेलं बरं). पण पेरू देशातल्या वितळत्या हिमनद्यांखालच्या ओढ्यांचे नमुने घ्यायला संशोधकांच्या तुकडीने कोणाला नेलं? मीनलला. ती परतली ती सोललेलं नाक आणि लोकरीची कानटोपी घेऊन. ती टोपी घालून ती एमआरटीच्या फलाटावर उभी राहते. सिंगापुरात, मामा. घाम कानामागून ओघळतोय, पण कोणी तरी विचारतंच, ही कुठली? मग गाडी बेडोकला पोचली तरी बाई डोंगर उतरत नाही.

इथवर मी सोसलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण काय लुटावं? इवल्या इवल्या काचेच्या कुप्यांतून हिमनदीचं पाणी. (मी दरवर्षी चहाच्या गाळण्या देते. उपयोगी पडतात.) उष्ण कटिबंधातला बर्फ, आपल्या हयातीतच संपायचा, असं ती हळू आवाजात सांगत होती आणि बायका कुप्या कपाळाला लावत होत्या. शेजारच्या अरुणाताईंनी तर आपली कुपी देव्हाऱ्यात गंगेच्या गडूशेजारी नेऊन ठेवली.

मी माझी कुपी सोमवारी प्रयोगशाळेत नेली. निव्वळ शास्त्रीय कुतूहल. आणि मामा, पाणी आंबट निघालं! वर लोह, ॲल्युमिनियम, जस्त, सगळी भांडीगल्ली त्यात. बर्फ मागे सरला की खालचा खडक हवापाण्याला उघडा पडतो आणि त्यातल्या गंधकाचं आम्ल ओढ्यात उतरतं (भूगर्भशास्त्र तुम्हालाच शिकवायला निघाले, माफ करा). दिसायला असं नितळ, आणि गुरांनाही पाजू नये. आमच्या ऋचाच्या दहावीच्या निकालानेसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

पुढच्या शनिवारी हळदीकुंकू माझ्याकडे. गाळण्या वाटता वाटता मी सहज विषय काढला आणि आकड्यांसकट सगळं सांगितलं. अरुणाताईंचा तिळगुळाचा हात तोंडाशी थांबला. मीनल मात्र खुर्ची ओढून जवळ आली. "सुनेत्राताई, आमचेही अगदी हेच आकडे आहेत. म्हणून तर गेलो होतो. खालच्या गावांना बर्फ आटला तरी पाणी लागणार, आणि आहे ते हे असं. कुपीवर लिहिलं होतं ना, पिऊ नका म्हणून?" लिहिलं होतं. (बारीक अक्षरांत. नऊवारीवर मी चष्मा लावत नाही.) वर म्हणाली, अहवालात तुमचे आभार मानते. आभार, मामा. शेवटच्या पानावर. तेवढ्यात आतून ऋचा इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू सो जेलस, लाह." सगळ्या हसल्या. मीनल हसली नाही, ते जास्त लागलं.

असो. मी काही मनावर घेतलेलं नाही. तुम्हाला पाण्यात रस आहे, म्हणून एवढं लिहिलं.

तुमची भाची,
सुनेत्रा

ता. क. त्या तुकडीचे प्रमुख एके काळी तुमचे विद्यार्थी होते असं कळतं. जूनमध्ये ते पुन्हा जाणार आहेत आणि एकच जागा आहे. दोन ओळी लिहाल का? लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत मला धाप लागते, तेवढं गाळा.

ता. क. २. मीनलने माझं नाव आपणहून सुचवलंय म्हणे. तेव्हा घाई करा. तिच्या शब्दावर जायची वेळ माझ्यावर आणू नका.

ता. क. ३. कुपीतलं पाणी तपासणीत संपलं असं मी सगळ्यांना सांगितलंय. अर्धं आहे. उरलेल्या गाळण्यांच्या खोक्यामागे ठेवलंय. सकाळी घरात कोणी नसलं की उजेडात धरून बघते. फार नितळ आहे हो.