मागे बसणाऱ्याचा पाय

बाबा, काल डिचोलीला जाऊन गाडी घेतली. शंभर सीसीची, तू म्हणायचास तशी. शोरूममधली मुलगी मायलेज सांगत होती, मोबाइल चार्ज करायची सोय दाखवत होती, आणि मी आधी मागच्या सीटवर जाऊन बसलो. "साहेब, फुडें बसून पळयात," पुढची सीट दाखवत ती गोंधळून म्हणाली. मी म्हटलं, थांब, आमच्या घरात गाडी अशीच निवडतात. हे सांगताना मला लाज वाटली, कारण मी स्वतः ती तशी कधीच निवडली नव्हती.

तू पेडण्याच्या बसस्टँडवरचा पायलट. गोव्याबाहेर हा शब्द ऐकला की लोक विमान शोधतात. तुझं विमान म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल, आणि तिच्यावरून तू सगळा तालुका पोचवलास, केरीच्या मासळीवाल्या, मोरजीला जाणारे गोरे, पणजीची बस चुकलेले मास्तर. नवी गाडी घ्यायची तेव्हा तू आईला सोबत न्यायचास. पातळ नेसलेली आई, मासळीवालीसारखी मांडीवर रिकामी टोपली, मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसते आणि तू हँडल धरून समोर उभा. इंजिनाचं नंतर. "मागे बसतल्याचो पाय पावता काय ता आधी बघूचा," तू शोरूमवाल्याला सांगतोस. "चालवणारो काय, कसोय बसता." मी दाराशी उभा आहे आणि सगळे आपल्याला हसताहेत असं मला वाटतं आहे.

नोकरी लागल्यावर माझी वेळ आली. तू म्हणालास, शंभरची घे, चढणीला जरा दमली तरी चालेल, पण पावसात दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मला पायलटाच्या गाडीसारखी दिसणारी गाडी नको होती. तसं मी बोललो नाही. तुला कळलं असणारच. मी लाल, उंच शेपटीची, मोठ्या इंजिनाची घेतली. मागची सीट तळहाताएवढी. तू गाडीभोवती एक फेरी मारलीस, त्या सीटवर हात ठेवलास आणि "बरी आसा" एवढंच म्हणालास.

मग तुझा गुडघा गेला, तुझी गाडी विकली. एका सकाळी तुला म्हापशाला डॉक्टरकडे जायचं होतं. मी पणजीला ऑफिसला निघालो होतो, म्हापसा वाटेतच. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. जन्मभर लोकांना मागे बसवणारा तू पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागे बसणार होतास. पाय उचललास, तो सीटपर्यंत पोचला नाही. माझा खांदा धरून पुन्हा उचललास. मी इंजिन बंद केलं नाही, बाबा. घड्याळ पाहिलं. "तू जा," तू म्हणालास, "मी बशीन येतंय." आणि तुला बसच्या भरवशावर सोडून मी गेलो. आरशात तू दिसत होतास, पँट झटकत. गाडी पायरीला लावली असती तर तू सहज चढला असतास. दोन मिनिटांचं काम होतं. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस आणि मीही म्हटलं नाही, चल म्हणून. तू गेल्यावर लोक सांगत राहिले, तुझ्या बाबानं आम्हाला कुठे कुठे पोचवलं. मी मान हलवत राहिलो.

आता माझाच गुडघा कुरकुरतो, म्हणून ही बुटकी गाडी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मागे बसून पाहिलं तेव्हा पाय सहज वर गेला आणि नीट टेकला. तुझाही टेकला असता. पुढे बसायच्या आधीच मी त्या मुलीला सांगितलं, हीच दे. डिचोलीहून पेडण्यापर्यंत स्वतः चालवत आणली. मी अंगणात शिरताना बायको म्हणाली, "इतके फुडें टाकीक चिकटून कित्याक बसल्यात?" मी म्हटलं, सीट नवी आहे, घसरते.

हा कागद गाडीच्या कागदांबरोबरच ठेवून देतो, जाणार कुठे तो. सीट घसरत नाही, बाबा. मागे तुझ्यापुरती जागा ठेवली होती.