बाबांचे दीड मीटर

४ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञ ठेवतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून (भौतिकशास्त्र, पहिला वर्ग) समाजासाठी काहीतरी करायलाच हवं. बाबा ज्या कंपनीची शाळेची बस चालवतात, तिथे गुरुवारी ड्रायव्हरांची सुरक्षा बैठक आहे. मॅनेजर साहेबांनी मला व्याख्यानाला बोलावलं आहे. म्हणजे, मी बाबांना विचारायला लावलं. विषय: गाडी थांबते कशी.

दुपारी
आईवर सराव केला. ब्रेक दाबायचा हे माणसाला सुचेपर्यंत गाडी तशीच पळते, आणि ब्रेक लागल्यावरही पुढे जात राहते. वेग दुप्पट केला तर ब्रेकनंतरचं अंतर चौपट. आई म्हणाली, मग हळू चालवावी. मी म्हणाले, इतकं सोपं नसतं. (आहे तसं.)

५ मार्च, संध्याकाळी ६
प्रयोग केला. आईची कापड मोजायची लाकडी पट्टी मी वरून सोडायची, बाबांनी चिमटीत पकडायची. जितकी जास्त घसरेल तितका माणूस मंद. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते. पहिल्याच वेळी ११ सेंटिमीटरला पकडली. शक्यच नाही, पुस्तकात वीसच्या आसपास आहे. मी म्हणाले, बाबा, अंदाजाने पकडू नका, माझा ग्राफ बिघडतो. बाबा पाणी प्यायला आत जाऊन आले. मग नऊ वेळा छान एकसारखे आकडे मिळाले. सरासरी ४५. पहिला आकडा वगळला. विज्ञानात चालतं.

७ मार्च, दुपारी
व्याख्यान जबरदस्त झालं. बाबांचं नाव गुप्त ठेवून 'चालक अ' म्हटलं. ताशी पन्नासच्या वेगात चालक अ ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत बस इतरांपेक्षा जवळपास दीड मीटर पुढे गेलेली असते. त्या दीड मीटरात मी फळ्यावर एक मूल काढलं होतं, दप्तरासकट. बाबांचे मित्र हॉर्नकाका (झोपलेल्या मांजरालाही हॉर्न देतात) मागून ओरडले, पोरी, हा अ तुझ्याच घरी जेवतो का गं? सगळे हसले. बाबाही हसले.
मॅनेजर साहेब हसले नाहीत.

८ मार्च
बाबांना बसवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत गेटवर. दांडा वर, दांडा खाली. चांगली बाजू: बावीस वर्षं गिअर टाकून खांदा दुखायचा, त्याला आराम.
जेवताना बाबांनी दोनदा खिसा चाचपला. बसची किल्ली जमा केली आहे, हे विसरतात.

११ मार्च
हॉर्नकाकांनी रस्त्यात गाठलं. म्हणाले, चेंडू रस्त्यावर आला की मागून पोर येणार, हे धरून तुझा बाप आधीच पाय उचलतो. ते कुठल्या पट्टीने मोजलंस? बावीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला! मी म्हणाले, काका, ते वेगळं प्रकरण आहे.
घरी येऊन पुस्तक काढलं. वेगळं प्रकरण नाही. त्याच धड्यात आहे. तेवढी दोन पानं मी परीक्षेला ऑप्शनला टाकली होती.

१२ मार्च
आई शिवणयंत्र न थांबवता बोलली. त्या दिवशी पहिल्याच खेपेला तू तोंड वाकडं केलंस. ते पाणी प्यायला आत आले आणि मला विचारलं, किती आकडा आला म्हणजे पोरीचं बरोबर येईल गं? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, द्या पट्टी जरा घसरू.
तेव्हापासून घरात बाबांच्या नजरेला नजर देत नाही. उद्या साहेबांना सगळं सांगणार. ठरलं.

१३ मार्च
पत्र लिहिलं. 'मापनातील त्रुटी.' खोडलं. 'उपकरणातील दोष.' पट्टीत कसला दोष? खोडलं. 'माझी चूक.' अक्षर वाईट आलं, परत लिहायला हवं. तोवर साहेब निघून गेले असणार. (नव्हते. ऑफिससमोर त्यांची गाडी उभी होती.)

१५ मार्च
मी गेले साहेबांकडे. साहेबांनी बोलूच दिलं नाही. माझं व्याख्यान वर कळवलंय म्हणे. सोमवारपासून मी सुरक्षा सहायक, टेबल-खुर्चीसकट. आणि म्हणाले, तुमच्या वडिलांचं कौतुक आहे, स्वतःहून लिहून दिलं त्यांनी. वय झालं, हात मंदावला, मुलीचा आकडा बरोबर आहे, मला गेटवरच राहू द्या.
पत्र पर्समध्ये होतं. मी पर्स उघडली, रुमाल काढला आणि थँक यू सर म्हणाले.

संध्याकाळी
बाबांना विचारलं, असं का लिहून दिलंत? म्हणाले, आपल्या घरात ऑफिसच्या खुर्चीत बसलेलं कोणी नाही अजून. मी पुष्कळ चालवली गाडी. आता तू मध्ये बोलू नकोस.
वडिलांचा शब्द मोडणं बरं नाही. म्हणून बोलत नाही.

१८ मार्च, सकाळी ९
कामाचा पहिला दिवस. गेटवर बाबा, खाकी शर्टात. दांडा वर केला आणि सलाम ठोकला. मी कशीबशी म्हणाले, बाबा, काय हे. ते समोर बघत म्हणाले, स्टाफला करावाच लागतो, मॅडम. मागे गाडी थांबलीय, पुढे व्हा.
मी पुढे झाले.