चुंबकाचं कडं आणि सासूबाईंची काठी

टेमघर, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९८९

आज दिवेलागणीला देवापुढे जाववेना.

सकाळी मोरीच्या उंबऱ्यावर सासूबाईंचा तोल गेला. मी शेजारी होते म्हणून सावरलं. त्यांच्या हातात चुंबकाचं कडं, आणि काठी माळ्यावर. काठी मीच सोडायला लावली ना? कडं घातल्यावर मी जास्त वाकते, एका पायावर जास्त वेळ उभी राहते, हे विकणाऱ्यानं माझ्याकडून करून घेतलं तसंच त्यांना करून दाखवलं होतं. वर, गुण येतोच म्हणून देवाची शपथ घेतली.

संध्याकाळी सुनीता कॉलेजातून आली. म्हणाली, "आई, विकणाऱ्यानं तुला आधी कड्याशिवाय वाकवलं, मग कडं घालून. आज उलट कर." कडं घालून वाकले, तर बोटं घोट्यापर्यंतच गेली. काढून वाकले, तर टेकली की जमिनीला! एका पायावरही दुसऱ्या खेपेलाच जास्त टिकले.

"एकदा वाकलं की अंग सैल होतं गं. त्यात कड्याचं काय?" पोरगी हसली. सासूबाई खाटेवरून बघत होत्या.

एवढी महाग वस्तू घेतली, म्हणजे गुण येणारच, असं मी धरून चालले. पण शपथ? ती कशाला घेतली?

काठी काढली, पुसून त्यांना दिली. "आई, चुकलं माझं."

"कड्यावर कुठं माझा विश्वास होता? तू शपथ घेतलीस, म्हणून सोडली काठी."

मग सासूबाईच काठी टेकत उठल्या. "चल देवापाशी. एकटीला लाज वाटेल तुला."